समोरचा संघ सुधारतो तेव्हा

मागच्या रविवारी आमची नात घरात शिरली ती बूट दारातच भिरकावून. आठवीत आहे, शाळेच्या मुलींच्या फुटबॉल संघात मागे, बचावाला खेळते. तोंड एवढंसं झालेलं. मी काही विचारायच्या आतच पाढा सुरू झाला. मैदान ओलं होतं. रेफ्रीला दिसत नव्हतं. आणि मागच्या वर्षी ज्या संघाला यांनी ४-० असं धुतलं होतं, त्याच संघाने यंदा यांना २-१ ने हरवलं होतं.

"आजी, त्यांनी बाहेरून कोच आणलाय! आणि आमचंच बघून बघून सगळं कॉपी केलंय त्यांनी!"

मी पिठलं ढवळत होते. हात तिथेच थांबला. कारण हे वाक्य, शब्द थोडे इकडचे तिकडे करून, माझ्याच तोंडून बाहेर पडलं होतं. त्याला आता चाळीस वर्षं होत आली.

ती गोष्ट सांगतेच, पण जरा दमाने. जन्मभर इतिहास शिकवला. त्यामुळे घरातल्या गोष्टीलाही आधी पार्श्वभूमी, मग कारणे, मग परिणाम अशी क्रमवारी लावायची खोड आहे. नातेवाईक मंडळींना ती ठाऊक आहेच, इतरांनी चालवून घ्यावी.

तर आधी कबड्डी. फुटबॉलची तक्रार आणि कबड्डी कशाला, असं नातीनेही विचारलं. म्हटलं, ऐक तर खरं.

कबड्डी हा आपला खेळ. आपण लहानपणी त्याला हुतुतू म्हणायचो. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं जगाला दाखवली, त्यात कबड्डी होती. पुढे शंकरराव ऊर्फ बुवा साळवींसारख्या माणसांनी या खेळासाठी आयुष्य वेचलं. १९९० साली बीजिंगच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत कबड्डीला पदकाचा मान मिळाला आणि पहिलं सुवर्ण अर्थातच भारताचं. मग १९९४, १९९८, २००२, २००६, २०१०, २०१४... पुरुषांची सलग सात सुवर्णं! महिलांची कबड्डी २०१० मध्ये सुरू झाली, तिथेही २०१० आणि २०१४ अशी दोन्ही आपलीच. कबड्डीचं सोनं म्हणजे आपल्याला घरच्या तुळशीसारखं वाटायला लागलं होतं. कुणी वेगळं पाणी घालत नव्हतं, आहेच म्हणून आहे.

आणि २०१८ साली जकार्तात ते गेलं.

आधी गटात दक्षिण कोरियाने आपल्या पुरुषांना २४-२३ असं हरवलं. आशियाई स्पर्धेतली ती आपली पहिलीच हार. मग २३ ऑगस्टला उपांत्य सामन्यात इराणने २७-१८ असा धक्का दिला. दुसऱ्या दिवशी, २४ ऑगस्टला, महिलांचा अंतिम सामना. समोर पुन्हा इराण. २७-२४. दोन दिवसांत दोन्ही सुवर्णं गेली.

तो महिलांचा सामना मी आणि हे दोघांनी टीव्हीसमोर बसून पाहिला. आपल्या संघात सोनाली शिंगटे आणि सायली केरीपाळे या आपल्या दोन मराठी मुली. आणि पलीकडे, हिजाब बांधून खेळणाऱ्या इराणच्या मुलींच्या प्रशिक्षक कोण? तर नाशिकच्या शैलजा जैन! आयुष्य कबड्डीत घालवलेली बाई, भारतीय संघाची जबाबदारी काही आपल्याकडे आली नाही याची खंत बाळगून होती. ती खंत त्यांनी पुढे उघडपणे बोलूनही दाखवली. इराणहून बोलावणं आलं तेव्हा साठीच्या आसपासच्या या बाई परक्या देशात गेल्या. थोडी फारसी शिकल्या. मुलींना योगासनं, प्राणायाम करायला लावले, दम वाढवला, खेळातली शिस्त बसवली. दीड-एक वर्षात त्याच मुली आपल्याला भारी पडल्या.

सामना संपल्यावर कुणासाठी टाळ्या वाजवाव्यात तेच कळेना. ह्यांनी टीव्ही बंद केला आणि म्हणाले, "घरच्याच माणसाने हरवलं."

दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर काय काय आलं ते सांगत नाही. एकाने चक्क "फितुरी" असा शब्द वापरला. मला तो फार लागला. फितुरी म्हणजे आतून किल्ल्याचा दरवाजा उघडून देणं. इथे दरवाजा कुणी उघडला नव्हता. तो आपणच सताड उघडा टाकला होता आणि समोरचा त्यातून रीतसर, घाम गाळून आत आला होता.

माझ्यातली इतिहासाची बाई त्या रात्री स्वस्थ बसेना. मी जुने निकाल काढून एका कागदावर एकाखाली एक लिहिले. सनावळ्या पाठ करायच्या नसतात, एकाखाली एक लिहून त्यांच्याकडे बघत बसायचं असतं, असं मी वर्गात सांगायचे. ते आकडे असे होते. पुरुषांचा आशियाई अंतिम सामना, भारत विरुद्ध इराण. २०१० : ३७-२०. २०१४ : २७-२५. म्हणजे सतरा गुणांचं अंतर चार वर्षांत दोन गुणांवर आलं होतं! आणि त्या २०१४ च्या सामन्यात मध्यंतराला आपण मागे होतो. २०१६ साली अहमदाबादच्या विश्वचषकात पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने आपल्याला ३४-३२ ने हरवलं होतं. अंतिम सामन्यात इराण मध्यंतराला पुढे होता, मग अजय ठाकूरने एकामागून एक चढाया मारून सामना फिरवला आणि आपण ३८-२९ ने जिंकलो. आपण काय लक्षात ठेवलं? तो चषक. काय विसरलो? ते मध्यंतर.

२०१८ चा निकाल धक्कादायक होता असं सगळे म्हणाले. कागद बघितल्यावर मला तरी त्यात धक्का दिसेना. पाणी २०१४ पासूनच उंबरठ्याला लागलेलं होतं. आम्हा बदलापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. २६ जुलै २००५ ला उल्हास नदी एकदम घरात नाही शिरली. आधी गल्लीत आली, मग पायरीवर आली, आणि आम्ही गॅलरीतून बघत म्हणत होतो, "इथपर्यंत काही येत नाही!"

इराण सुधारला कसा, तेही बघण्यासारखं आहे. त्यांच्याकडे कुस्तीची मोठी परंपरा. पकड, ताकद, तोल हे रक्तातच. नव्हता तो कबड्डीचा सराव, रोज वरच्या दर्जाच्या गड्यांशी खेळण्याचा. तो त्यांना २०१४ साली सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगमध्ये मिळाला. फझल अत्राचली हा इराणचा जबरदस्त कोपरारक्षक तर आपल्या यू मुंबाकडून खेळला, २०१५ च्या विजेत्या संघात होता. कर्णधार होता आपला अनुप कुमार. आपले चढाईपटू कुठून आत शिरतात, कधी फसवा हात दाखवतात, दम तुटत आला की कुठे बघतात, हे सगळं त्याने एकाच संघात राहून, एकाच मॅटवर सराव करून पाहिलं. आपणच टाळ्या वाजवून त्याला पाहू दिलं. त्यात चूक काहीच नाही. खेळ असाच वाढतो. चूक एवढीच, की तो आपल्याकडे बघत होता तेव्हा आपण त्याच्याकडे बघत नव्हतो.

नात म्हणाली, "पण आजी, फुटबॉलचं काय?"

फुटबॉलचं तर आणखी सरळ आहे. तिला विश्वास बसेना, पण एके काळी आपण आशियात फुटबॉलचे राजे होतो. १९५१ च्या दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत आपण सुवर्ण जिंकलं, तेही अंतिम सामन्यात इराणलाच १-० ने हरवून. उपांत्य सामन्यात अफगाणिस्तानला ३-० ने हरवलं होतं. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये आपण चौथे आलो. ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल मारणारा नेव्हिल डिसोझा हा आपल्या मुंबईचा खेळाडू. १९६२ ला पुन्हा सुवर्ण, प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. आणि गाव कुठलं? जकार्ता! जिथे फुटबॉलचं आपलं शेवटचं आशियाई सुवर्ण आलं, तिथेच छप्पन्न वर्षांनी कबड्डीचं गेलं. योगायोगच, पण इतिहासाच्या बाईला चुटपुट लावणारा.

त्या १९६२ च्या स्पर्धेत जपान आपल्याशी २-० ने हरला. १९७० ला बँकॉकमध्ये कांस्यपदकासाठी पुन्हा जपान, आपण १-० ने जिंकलो. मधले इतर सामने बाजूला ठेवा, पण आशियाई स्पर्धांतले हे दोन आकडे एकाखाली एक लिहून बघा : २-०, १-०.

आपण जिंकलो म्हणून खूश होतो. जपान हरला आणि कामाला लागला. १९६० सालीच त्यांनी जर्मनीहून डेटमार क्रॅमर नावाचा प्रशिक्षक बोलावला होता. त्याने आल्या आल्या मोठ्या डावपेचांना हात घातला नाही. चेंडू थांबवायचा कसा, पास द्यायचा कसा, इथून, म्हणजे बाराखडीपासून सुरुवात केली. आणि जाता जाता सांगून गेला की तुमची स्वतःची लीग हवी, तुमचे स्वतःचे प्रशिक्षक तयार व्हायला हवेत. १९६५ ला त्यांची लीग सुरू झाली. १९६८ ला मेक्सिको ऑलिंपिकमध्ये कांस्य. १९९३ ला व्यावसायिक जे-लीग. १९९८ ला पहिला विश्वचषक. आणि २०२२ ला कतारमध्ये जपानने खुद्द जर्मनीला २-१ असं हरवलं. ज्यांच्याकडून बाराखडी घेतली, त्यांनाच निबंध लिहून दाखवला म्हणा ना!

बाहेरून शिक्षक आणणं आणि विद्या आपली करणं यात फरक आहे, आणि तो आपल्याच इतिहासात दिसतो. इंग्रजांची कवायती पायदळाची ताकद ओळखून महादजी शिंद्यांनी द बॉइन या सावोयच्या अधिकाऱ्याला नोकरीत घेऊन पलटणी उभ्या केल्या. तोफखाना असा तयार झाला की २३ सप्टेंबर १८०३ ला असईच्या लढाईत त्या तोफांनी इंग्रजांची मोठी हानी केली. पण लढाईच्या आधीच दौलतराव शिंद्यांच्या नोकरीतले कित्येक युरोपीय अधिकारी सोडून गेले होते. तोफा आपल्या, गोलंदाज आपले, पण हुकूम देणारं डोकं भाड्याचं. जपानने क्रॅमरकडून हुकूम घेतले नाहीत, हुकूम देण्याची विद्या घेतली.

आणि समोरच्याने हरवल्यावर लगेच शिकणारेही असतात. २५ नोव्हेंबर १९५३ ला लंडनच्या वेम्बलीवर हंगेरीने इंग्लंडला ६-३ असं हरवलं. फुटबॉलच्या माहेरघरात, जिथे युरोप खंडातला कुठलाही संघ त्यांना तोवर हरवू शकला नव्हता! हंगेरीच्या मंडळींनी नंतर उघडपणे नाव घेतलं ते जिमी होगनचं. हा होगन कोण, तर इंग्रजच! मायदेशात फारशी किंमत न मिळालेला, पहिल्या महायुद्धाच्या काळात बुडापेस्टमध्ये मुलांना फुटबॉल शिकवत बसलेला. म्हणजे त्यांच्या शैलजा जैनच की! पुढच्याच मे महिन्यात बुडापेस्टला इंग्लंडची ७-१ अशी आणखी शोभा झाली. पण मँचेस्टर सिटी या क्लबने वेगळं केलं. हंगेरीचा हिदेकुटी हा मधला आघाडीवीर पुढे न राहता मागे येऊन खेळ रचत होता. सिटीने ती युक्ती उचलली, डॉन रेव्हीला तसं खेळवलं, लाज बाळगली नाही. १९५५ ला ते एफए कपच्या अंतिम फेरीत जाऊन हरले, १९५६ ला जिंकले.

आता माझी गोष्ट. टाळत होते, पण आली.

मी तेव्हा अंबरनाथच्या एका शाळेत इतिहास-मराठी शिकवत होते. शाळेत खेळाच्या बाई नव्हत्या, म्हणून मुलींचा कबड्डी संघ माझ्या गळ्यात पडला. मी स्वतः गावाकडे हुतुतू खेळलेली. पदर खोचून मैदानात उतरायचे. तीन वर्षं आम्ही तालुक्यात पहिल्या. विम्को आणि ऑर्डनन्स फॅक्टरीतल्या कामगारांच्या मुली सगळ्या, काटक आणि जिद्दी. आमची कॅप्टन डाव्या कोपऱ्यावर उभी राहायची. चढाई करणारीचा घोटा तिने धरला की सुटका नाही. नाव लिहीत नाही, कारण ती हे वाचते.

उल्हासनगरच्या कॅम्पातल्या एका शाळेचा संघ तेव्हा अगदीच नवा होता. पहिल्या वर्षी आम्ही त्यांच्यावर तीन लोण चढवले. त्यांच्या मुली चढाईला येताना हसायच्याच. त्यांचे सर, सिंधी, तरुण, किडकिडीत, सायकलवरून यायचे. हरल्यावर मला येऊन म्हणाले, "बहनजी, आपकी प्रॅक्टिस देखने आ सकता हूँ?"

"बघा हवं तर!" मी म्हटलं. त्या "हवं तर"मध्ये किती तोरा होता ते आज मला ऐकू येतं.

ते यायचे. आठवड्यातून एकदा तरी, भिंतीच्या कडेला सायकल लावून, मांडीवर वही घेऊन. आम्ही शिक्षिका आपसांत हसायचो. त्या काळी आमच्याकडे एक विनोद होता. उल्हासनगरच्या मालावर "मेड इन यूएसए" असतं, म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन! मीच तो स्टाफरूममध्ये सांगितला. "आता कबड्डीची पण कॉपी काढतायत." इतिहासाच्या बाईने हे बोलावं! फाळणीत घरदार सोडून आलेली माणसं, कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांच्या बराकींत ठेवलेली, ८ ऑगस्ट १९४९ ला त्या छावणीचं उल्हासनगर झालं, आणि हातात काही नसताना बघून बघून, करून करून त्यांनी धंदे उभे केले. हा धडा मी दर वर्षी वर्गात शिकवायचे. शिकवायचे फक्त.

१९८६ च्या तालुका अंतिम सामन्यात त्यांनी आम्हाला सहा गुणांनी हरवलं.

त्यांची एकही मुलगी आमच्या डाव्या कोपऱ्याच्या टप्प्यात आली नाही. आमची चढाई उजवीकडून आत शिरली की त्यांची साखळी आधीच तिथे तयार. जणू आमच्या सरावाचा कागद कुणी त्यांना वाचून दाखवला होता. आणि मी काय केलं? त्यांच्या एका मुलीच्या वयावर हरकत घेतली. त्यांनी दाखला आणून दाखवला, वय बरोबर होतं. पंचांनी हरकत फेटाळली. ती मुलगी तेवढा वेळ मैदानाच्या कडेला मान खाली घालून उभी होती. मी तिची माफी मागितली नाही.

परतीच्या लोकलमध्ये मी मुलींना सांगत होते, "आपलंच बघून कॉपी केलीय त्यांनी. स्वतःचं काय आहे?" कॅप्टन तेव्हा नववीत होती. ती हळूच म्हणाली, "बाई, मग आपण पण जाऊ या का त्यांचा सराव बघायला? एक स्टेशन तर आहे."

मी म्हटलं, "आपण? त्यांच्याकडे शिकायला?"

ती गप्प झाली. परत कधी तिने विचारलं नाही.

पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा हरलो, याच संघाकडून, याच रीतीने. ते तिचं दहावीचं वर्ष होतं. जिंकणारा संघ जिल्ह्याला जायचा, तिथे निवड समिती मुली बघायची. ती जिल्ह्याला गेलीच नाही. दहावीनंतर तिचं खेळणं संपलं. खेळाने तिचं आयुष्य बदललं असतंच असं मी म्हणणार नाही. पण तिला कुणी बघितलंच नाही, आणि त्याचं एक कारण मी होते.

१९८८ साली, ती गेल्यावर, मी गेले. एका शनिवारी चार मुली घेऊन, एक स्टेशन. त्या सरांनी खुर्ची मागवली, चहा मागवला आणि मी न विचारताच ती वही माझ्या हातात दिली. पहिल्याच पानावर आमच्या शाळेचं नाव. खाली देवनागरीत, मोडक्या अक्षरात : "लेफ्ट कॉर्नर – पकडने से पहले बायाँ पाँव हिलता है."

मी ते वाक्य दोनदा वाचलं. माझी कॅप्टन घोट्यावर झेपावायच्या आधी तिचा डावा पाय किंचित हलायचा. तेवढी खूण बघून समोरची मागे सरायची. तीन वर्षं ती रोज संध्याकाळी माझ्यासमोर खेळत होती आणि मला हे दिसलं नव्हतं! मला तिचे गुण दिसत होते. दोष तिच्या विरोधकाने पाहिला, वहीत लिहून ठेवला, आणि ती वही वर्षभर एका स्टेशनावर माझी वाट बघत होती. १९८६ ला गेले असते तर एका आठवड्यात तो पाय दुरुस्त झाला असता.

सर म्हणाले, "आप ही की टीम से तो सीखा, बहनजी." त्यात टोमणा नव्हता. मी त्यांच्याकडे त्या मुलीची चौकशी केली, जिच्या वयावर हरकत घेतली होती. तीही शाळा सोडून गेली होती.

त्या वर्षी आम्ही जिंकलो असं लिहायला मला आवडलं असतं. नाही जिंकलो. दोन गुणांनी हरलो. पण अंतर सहावरून दोनवर आलं होतं, आणि या वेळी हात मिळवताना मी त्यांच्या मुलींची नावं विचारली.

हे सगळं ऐकून नात म्हणाली, "मग आजी, शिकायचं काय नेमकं?" परीक्षेच्या तयारीतलं पोर, मुद्दे हवेत!

म्हटलं, लिहून घे. समोरचा सुधारला म्हणजे तो आधी तुमच्याकडे बघायला शिकला. तेव्हा तुमचा सगळ्यात अचूक परीक्षक तोच. तो तुमच्याविरुद्ध काय करतो ते नीट बघा, तुमची उणीव तिथेच लिहिलेली असते. दुसरं, जिंकलेल्या सामन्यांचीही अंतरं लिहून ठेवा. हार येण्याआधी अंतर कमी होतं, पण जिंकणारा फक्त निकाल वाचतो. तिसरं, त्याची युक्ती जशीच्या तशी उचलू नका, त्यामागचं कारण उचला. आणि चौथं, त्याने कष्ट केलेत हे मोठ्याने कबूल करा. कबूल केलं नाही तर पुढचं काहीच शिकता येत नाही, आपला सगळा वेळ रेफ्री आणि ओल्या मैदानात जातो.

भारतीय कबड्डी पुढे सावरली. होंगझोची आशियाई स्पर्धा २०२३ मध्ये झाली. पुरुषांनी इराणला ३३-२९ ने हरवून सुवर्ण परत आणलं, नियमाच्या वादावरून तास-दीड तास सामना थांबूनही. त्या संघात अस्लम इनामदार आणि आकाश शिंदे हे आपले महाराष्ट्राचे गडी होते. महिलांनीही सुवर्ण घेतलं, पण कसं? चायनीज तैपेईवर २६-२५, एका गुणाने. त्याच तैपेईशी गटातला सामना ३४-३४ असा बरोबरीत सुटला होता. २०२५ च्या नोव्हेंबरात ढाक्याच्या विश्वचषकात अंतिम सामन्यात पुन्हा तैपेईच, ३५-२८. मी कागदावर आकडे लिहून ठेवले आहेत. तुम्हीही ठेवा.

२०१८ च्या त्या रात्री, सामना संपल्यावर, फोन वाजला होता. माझी कॅप्टन. आता डोंबिवलीला असते, तिच्याही घरी सुना आल्या. "बाई, बघितलंत? त्या पकडीला घाई करत नव्हत्या. थांबत होत्या." बराच वेळ कबड्डीवर बोललो. शेवटी मी म्हटलं, "अगं, तुझं तेव्हा ऐकायला हवं होतं मी." मला वाटलं, तिला आठवणारही नाही.

ती हसली. म्हणाली, "एक स्टेशन तर होतं, बाई."

असो.

नातीने ताट संपवलं, हात धुतले आणि पुसता पुसता म्हणाली, "त्यांची प्रॅक्टिस शनिवारी सकाळी असते. अंबरनाथला. आजी, तू येशील?"

काल आम्ही जाऊन आलो. बदलापूर ते अंबरनाथ, एक स्टेशन. जिन्यावर गुडघे बोलले, पण गेले. मी त्यांच्या प्रशिक्षकांना विचारलं, बसून बघितलं तर चालेल का. तरुण मुलगा आहे, शिट्टी गळ्यात, नुकताच जिंकलेला. माझ्या पांढऱ्या केसांकडे आणि नातीच्या वहीकडे बघून हसला आणि म्हणाला, "बघा की हवं तर!"

तो स्वर माझ्या ओळखीचा होता. मी काही बोलले नाही. नातीने वही उघडली.

पुढचा सामना जानेवारीत आहे. निकाल इथेच लिहीन. हरलो तरी लिहीन, आणि किती गोलांनी तेही.